मोबाइलवर लिहिणाऱ्यांचंही ऐका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मोबाइलवर कोणी लांबलचक वाचत नाही आणि लिहायचं तर नावच नको, असा सूर वाचकांच्या पत्रांत अधूनमधून दिसतो. माझा अनुभव उलटा आहे. गेली नऊ वर्षं मी फक्त फोनवर लिहिते आहे, आणि तेही दोन ओळींचे निरोप नव्हेत, एका बैठकीत पाचशे-सहाशे शब्द. लिहिण्याची हौस कुठेही आटलेली नाही. पण ज्या पडद्यावर ती भागवायची, तो पडदा लिहिणाऱ्याचा विचार करून मांडलेला नसतो. त्याबद्दल हे पत्र.

आम्ही सात जण मिळून एक लेखी भूमिकाखेळ खेळतो. खेळणारे त्याला नुसतं 'आरपी' म्हणतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि आपली पाळी आली की त्या पात्राचं वागणं-बोलणं लिहायचं. मी लिहिलेल्या परिच्छेदाला दुसरा आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतो, तिसरी मध्येच वादळ आणते, चौथा दार वाजवतो. कथा कुठे जाणार हे कुणालाच आधी ठाऊक नसतं. माझं पात्र आहे दीपगृहाचा म्हातारा रखवालदार. तो फार कमी बोलतो, त्यामुळे त्याचं न बोलणं मला पुष्कळ शब्दांत लिहावं लागतं.

पोटापाण्यासाठी मी मुद्रितं तपासते. दिवसभर दुसऱ्यांचा मजकूर डोळ्यांखालून घालायचा आणि रात्री उशीला टेकून आपला लिहायचा, असा माझा क्रम आहे. मजकुराचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी मला ते टोचतं. म्हणून कदाचित पुढच्या गोष्टी मला इतरांपेक्षा जास्त लागत असतील. पण लागतात सगळ्यांनाच, हे मी आमच्या मंडळींशी बोलून खात्रीने सांगू शकते.

काही महिन्यांपूर्वी आम्ही ज्या साइटवर खेळतो त्या जागेचं रूप बदललं. नवे रंग, नवी बटणं, नवी मांडणी. संगणकावर ते खरोखर देखणं दिसतं. फोनवर मात्र पहिल्याच आठवड्यात माझा एक अख्खा प्रसंग गेला.

रखवालदाराला बारा वर्षांनी त्याच्या मुलीचं पत्र येतं, असा तो प्रसंग होता. तो पत्र लगेच उघडत नाही. आधी दिव्याची काच पुसतो, वात बघतो, जिना उतरतो, परत चढतो. साधारण सहाशे चाळीस शब्द झाले होते. जिन्याला पायऱ्या किती, हे मी तीन वर्षांपूर्वी कुठेतरी लिहून ठेवलं होतं. आकडा चुकला असता तर आमच्यातल्या एकाने तो नक्की पकडला असता. म्हणून दुसरी टॅब उघडून जुना मजकूर शोधला, पायऱ्या एकशे बारा निघाल्या, आणि परत आले तर पान नव्याने उतरत होतं. लिहिण्याची चौकट पांढरीफटक. मी पाच-दहा मिनिटं फोन हातात धरून तशीच बसले होते.

असं का होतं, ते मी नंतर समजून घेतलं. फोनची मेमरी कमी पडू लागली की ब्राउझर मागे ठेवलेली टॅब गुपचूप मिटवतो आणि आपण तिच्याकडे वळलो की पान पुन्हा उतरवून घेतो. चौकटीत काय टाइप केलं होतं, ते परत मिळेलच याची हमी नाही. आणि यावर उपाय नाही असंही नाही. ब्राउझरकडे स्वतःची एक साठवण असते, प्रत्येक साइटला सहसा पाच एमबीच्या आसपास जागा मिळते. आमच्या एका पाळीचा मजकूर त्यात शेकडो वेळा मावेल. दर काही सेकंदांनी मसुदा तिथे उतरवून ठेवायचा आणि पान पुन्हा उघडलं की 'तुमचं अर्धवट लेखन सापडलं, परत घ्यायचं का?' एवढंच विचारायचं. ज्यांना प्रोग्रामिंग येतं त्यांना मी विचारलं, तर हे काम डोंगराएवढं नाही असं त्यांनी सांगितलं.

मजकूर जायची दुसरी पद्धत याहून वाईट. आपण तासभर लिहितो, तोवर आत शिरल्याची मुदत संपलेली असते. 'पाठवा' दाबलं की पुन्हा पासवर्ड मागणारं पान येतं, आणि पासवर्ड देऊन आत गेलं की मजकूर गायब. आमच्यातल्या एका मुलाचं असं लागोपाठ दोनदा झालं. त्यानंतर त्याने पंधरा दिवस एक ओळ लिहिली नाही. त्याचं पात्र तेवढे दिवस दारात उभं राहिलं आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती काहीबाही घडवत राहिलो.

मी अभिप्राय कळवला. उत्तर आलं: 'लांब लिहायचं असेल तर संगणक वापरा.' उत्तर देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसावं. पण घरात माझा संगणक नाही, कामाच्या ठिकाणचा माझा नाही, आणि आमच्या सातांपैकी पाच जणांची हीच स्थिती आहे. पाच जण जिथून लिहितात ती वाट आडवाट कशी? हे उत्तर मला महिनाभर सलत होतं. मग आम्ही ठरवलं की नुसतं कुरकुरायचं नाही, प्रत्येकाने आपल्या फोनवर काय अडतं ते नीट टिपून ठेवायचं. कोणता फोन, कोणता ब्राउझर, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि सोबत स्क्रीनशॉट. तीन आठवड्यांत चौतीस टिपणं जमली. मुद्रितं तपासायची सवय म्हणून ती मी एकत्र लावली. त्यातली काही इथे सांगते. कारण हे दुखणं आमच्या एका खेळापुरतं नाही, फोनवर जरा लांब लिहू पाहणाऱ्या कुणालाही ते गाठतं.

सगळ्यांत जास्त टिपणं रुंदीवर होती. अनेक अँड्रॉइड फोनांचा पडदा, वेब बनवणारे ज्या मापाने मोजतात त्या मापात, ३६० पिक्सेल रुंद धरला जातो. नव्या मांडणीत डावीकडे पात्राचं चित्र, नाव, दर्जा, पाळ्यांची संख्या यांचा एक पट्टा आहे, १५० पिक्सेलांचा. मजकुराला उरतात २१० आणि दोन्हीकडची मोकळी जागा वजा केली की १८०. माझ्या फोनवर एका ओळीत तीन शब्द बसतात. शिवाय मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवलेला. छापील स्तंभात हे करताना आम्ही शब्द तोडून, जागा जुळवून घेतो. इथे तसलं काही होत नाही, त्यामुळे तीन शब्दांच्या मध्ये दातांतल्या फटींसारख्या पोकळ्या पडतात. सहाशे शब्द अशा दोनशे ओळींतून वाचायचे. बोट दुखतं, आणि खरं म्हणजे लय तुटते. रखवालदार जिना चढतोय हे एका दमात वाचलं तर त्यात काही आहे.

शिवाय सजवलेल्या चौकटी. आमच्यातली एक जण आपला मजकूर कायम सुंदर चौकटीत मांडते. वर एक ओळ, बाजूला फिकट रंगाची किनार, खाली पात्राचं बोधवाक्य. ती चौकट ५०० पिक्सेलांची. ३६०च्या पडद्यावर तिची उजवी बाजू बाहेर जाते आणि प्रत्येक ओळ वाचताना पान डावीकडून उजवीकडे ओढत न्यावं लागतं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०१८ साली सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांसह सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या, नियमांत हेच लिहून ठेवलं आहे: ३२० पिक्सेल रुंदीतही मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. पण या चौकटी काढून टाका असं मी कधीच म्हणणार नाही. तिची एकेक चौकट तास-दीड तासाची मेहनत असते आणि खेळाला त्यातून रंग चढतो. रुंदी '५००' ऐवजी 'जास्तीत जास्त ५००' एवढी ठरवली की चौकट फोनवर आपोआप आक्रसते. तेवढा बदल तिने स्वतः करून पाहिला, एका संध्याकाळी. आणि ज्याला सजावट नको त्याला एका बटणावर साधा मजकूर मिळावा.

रंगांचं टिपण माझं स्वतःचं आहे. प्रत्येक पात्राच्या संवादाला आपापला रंग द्यायची आमची जुनी पद्धत. गर्दीच्या प्रसंगात कोण बोललं हे रंगावरून चटकन कळतं. रखवालदार गडद निळ्या रंगात बोलतो. पांढऱ्यावर गडद निळं छान उठून दिसतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक मोजायची एक रीत आहे, तिच्या हिशेबात ते गुणोत्तर १६ला १ येतं. नव्या रूपात रात्रीसाठी काळी पार्श्वभूमी आली. ती मला मनापासून आवडली, कारण मी लिहिते ती रात्रीच. पण त्याच निळ्याचं काळ्यावर गुणोत्तर राहतं जेमतेम १.३ला १. साध्या मजकुराला निदान ४.५ला १ हवं, असा नियम आहे. म्हणजे दिवा मालवून वाचणाऱ्याला माझा म्हातारा मुकाच वाटायचा. एकीने विचारलंसुद्धा, 'तो गेल्या तीन पाळ्या काहीच का बोलला नाही?' तो बोलला होता. मुलीचं नाव त्याने पहिल्यांदा त्यातल्याच एका पाळीत घेतलं होतं.

बटणांबद्दल थोडक्यात सांगते. 'पाठवा' आणि 'रद्द करा' शेजारी शेजारी, एकाच रंगाची, आणि प्रत्येकाची उंची १८ पिक्सेल. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ सालीच दाखवून दिलं होतं की लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका ते गाठायला वेळ लागतो. अ‍ॅपल आपल्या फोनांसाठी ४४ पॉइंटांचं बटण सुचवतं, अँड्रॉइडकडे हेच माप ४८ आहे, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या सुगम्यतेच्या नव्या नियमांनी अगदी कमीत कमी २४ पिक्सेल सांगितले आहेत. आमच्यातल्या एका ज्येष्ठांचा हात थरथरतो. ते पाठवायला जातात आणि रद्द होतं. आता ते प्रत्येक पाळी आधी स्वतःला ईमेलने पाठवून ठेवतात.

संगणकावर पात्राच्या नावावर माउस नेला की छोटं ओळखपत्र उघडतं: वय, सध्या कुठे आहे, जखम झाली आहे का, शेवटी कुणाशी बोलला. सात पात्रं, तीन ठिकाणं आणि नऊ वर्षांचा इतिहास सांभाळताना हे ओळखपत्र म्हणजे आमची स्मरणवही. फोनवर माउस नसतो. बोट नुसतं वर धरून ठेवता येत नाही, ते टेकतं, आणि टेकलं की दुसरंच पान उघडतं. लिहिता लिहिता ते पान उघडलं की मसुद्याचं काय होतं, ते वर सांगितलंच.

लिहिण्याची चौकट उघडली की वर साइटची पट्टी ठाण मांडून, खाली ठळक-तिरपं करायच्या बटणांची पट्टी ठाण मांडून आणि त्याखाली फोनचा कळफलक. मधे दिसतात तीन ओळी. तीन शब्दांच्या तीन ओळी! लांब वाक्य संपवताना ते सुरू कसं केलं होतं तेच दिसत नाही. कर्ता एकवचनी होता की अनेकवचनी, हे मला वर सरकवून बघावं लागतं. आयफोनवाल्या दोघांची आणखी वेगळी तक्रार होती, चौकटीला हात लावला की सगळं पान झटक्यात मोठं होतं आणि कडा बाहेर जातात. त्याचं कारण अगदी बारीक निघालं. टाइप करायच्या जागेतलं अक्षर १६ पिक्सेलांहून लहान असलं की आयफोनचा ब्राउझर आपणहून पान मोठं करतो. अक्षर १४चं होतं.

आता देवनागरीबद्दल, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण हे दुसरं कुणी सांगणार नाही. आमच्या खेळात मराठीच चालते. रोमन अक्षरांना पुरेल एवढंच अंतर दोन ओळींत ठेवलं की आमचा ऊकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो. नव्या रूपातल्या शीर्षकांत तर चौकटीची वरची कड वेलांट्या आणि मात्रा कापूनच टाकते. 'किनारा' आणि 'कोठी' यांचे डोक्यावरचे भाग उडालेले. कुणीतरी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं आहे. रोमनमध्ये ते शोभून दिसतं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द विस्कटलेल्या माळेसारखा दिसतो. पात्राच्या मनातलं बोलणं तिरप्या अक्षरात द्यायची पद्धत जगभरच्या आरपीत आहे, पण पुष्कळ देवनागरी टंकांना वेगळं तिरपं रूप नसतंच. मग ब्राउझर उभं अक्षरच ढकलून वाकडं करतो. मनातल्या गोष्टीसाठी आम्हाला थोडा वेगळा रंग किंवा डावीकडे एक रेघ मिळाली तर मजकूर वाचवेल.

अक्षरांच्या मर्यादेचं टिपण मला सगळ्यांत जिव्हाळ्याचं आहे. प्रसंगाच्या शीर्षकाला साठ अक्षरांची मर्यादा लिहिली आहे. मी शीर्षक दिलं, 'वादळानंतरची पहिली रात्र'. कसंही मोजलं तरी हे साठच्या आत आहे. पाठवल्यावर पडद्यावर आलं 'वादळानंतरची पहिली रात' आणि त्यापुढे काळ्या चौकोनात एक प्रश्नचिन्ह. मी थक्क झाले. एका सहखेळाडूने उलगडा केला. संगणक देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन घरं, घेतो, रोमन अक्षराला एकच. त्यातही काना, वेलांटी, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. 'लक्ष्मी' हा शब्द आपल्याला अडीच अक्षरांचा वाटतो, यंत्राच्या लेखी तो सात चिन्हांचा आणि एकवीस बाइटांचा. मर्यादा लिहिली होती अक्षरांची, कात्री चालत होती बाइटांवर. माझं शीर्षक पासष्ट बाइटांचं होतं. साठाव्या बाइटवर कात्री पडली ती 'त'नंतरच्या हलंताच्या पोटातून, म्हणून ते प्रश्नचिन्ह. ज्याने मर्यादा घातली त्याने इंग्रजीत तपासून पाहिली असणार आणि तिथे ती बिनचूक चालते.

याच कुळातला आणखी एक प्रकार. आमच्यातल्या एकाने पाळीच्या सुरुवातीला पात्राबाहेरची एक ओळ लिहिली, 'उशीर झाला, माफ करा', आणि पुढे हात जोडल्याचा इमोजी टाकला. इमोजीच्या पुढचं सगळं, चारशे शब्द, साठवलंच गेलं नाही. इमोजीला चार बाइट लागतात आणि माहिती जिथे साठते तिथली जुनी सोय तीन बाइटांचीच होती. चौथा आला की पुढचं टाकून द्यायचं. मायएसक्यूएल या माहिती साठवणाऱ्या प्रणालीत चार बाइटांची सोय २०१० सालीच आली आहे, फक्त जुन्या साठवणीत ती निवडावी लागते. माफी मागितल्यामुळे प्रसंग पुसला गेला, याचं त्या मुलाला इतकं वाईट वाटलं की त्याने तो रात्रीच परत लिहून काढला.

आमच्यातली एक जण डोळ्यांनी पाहू शकत नाही. ती अँड्रॉइडमधल्या टॉकबॅकच्या मदतीने वाचते-लिहिते, म्हणजे बोट जिथे जाईल तिथलं फोन बोलून दाखवतो. तिचं टिपण सगळ्यांत छोटं होतं. 'पाठवण्याच्या बटणाला नाव दिलेलं नाही. मला फक्त "बटण" ऐकू येतं. अशी पाच आहेत. मी अंदाजाने दाबते.' एवढंच. नऊ वर्षांतले आमचे सगळ्यांत सुंदर समुद्र तिने लिहिले आहेत, आवाजावरून आणि वासावरून. बटणाला नाव देणं म्हणजे प्रोग्राममध्ये एक शब्द घालणं. हे टिपण मी यादीत सर्वांत वर ठेवलं.

पान बोटांनी मोठं करण्यावर नव्या रूपात बंदी घातली आहे, हेही सांगायला हवं. काही जणांना वाटतं की पान हललं की मांडणी बिघडते. आयफोनच्या ब्राउझरने २०१६पासून अशी बंदी मानायचं सोडून दिलं, पण इतर फोनांवर ती लागू पडते आणि चष्मा विसरलेल्या माणसाला ती फार महागात जाते.

कागद-फाशांच्या भूमिकाखेळाचा पहिला छापील संच 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला. पुढे १९७८मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अनेकांनी एकाच वेळी संगणकावर खेळायचा 'मड' हा खेळ बनवायला घेतला. त्यात चित्र नव्हतं. अंधाऱ्या खोलीचं वर्णन अक्षरांत यायचं आणि खेळणारा अक्षरांतच उत्तर द्यायचा. पडद्यावर जेवढं होतं तो सगळा खेळ होता. आमचा खेळही त्याच घराण्यातला आहे, म्हणून पडद्यावर शब्दांना किती जागा उरते, हे आमच्यासाठी खेळाला किती जागा उरते असंच असतं.

ही जागा सांभाळणारे लोक पगारी नाहीत, हे मला माहीत आहे. आपली कामं आटोपून, पदरमोड करून ते हे चालवतात. आमच्यासारख्यांनी आधी त्यांना काय कळवलं होतं? 'काय वाटोळं केलंय', 'जुनंच बरं होतं'. असल्या ओळींवरून कुणाला काय दुरुस्त करता येणार? अभिप्रायाच्या चौकटीतही पाच चांदण्या आणि दोनशे अक्षरं एवढंच होतं, आणि ती अक्षरंही बाइटांवर मोजलेली असावीत. तेव्हा चूक दोन्हीकडून झाली.

पण एक गोष्ट त्यांच्याशी बोलताना लक्षात आली आणि मला वाटतं तीच या सगळ्याच्या मुळाशी आहे. 'आम्ही मोबाइलवर तपासलं होतं,' असं ते प्रामाणिकपणे म्हणाले. तपासलं कसं? संगणकावरची खिडकी ओढून अरुंद केली. त्या खिडकीत कळफलक वर येत नाही, अंगठा नसतो, मेमरी संपत नाही, मध्येच फोन वाजत नाही. तिथे पान दिसतं कसं ते कळतं. त्यावर लिहिताना काय होतं ते कळत नाही. म्हणून आमची त्यांच्याकडे एकच मोठी मागणी होती. तुमच्यापैकी एकाने एका रात्री फक्त फोनवर, एका हाताने, मराठीत, पाचशे शब्दांची एक पाळी लिहावी. मध्ये एकदा दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन जुना तपशील शोधावा. एकदा फोन घ्यावा, दहा मिनिटं बोलावं, आणि परत येऊन लिहिणं पुरं करावं. आमच्या कथेत एक नावाडी हवाच होता, ती जागा आम्ही त्यांना देऊ केली.

त्यांच्यातला एक जण खरंच आला. त्याने नावाड्याची पाळी फोनवर लिहायला घेतली आणि रात्री साडेअकराला आमच्या गटात त्याचा निरोप आला, 'माझं सगळं गेलं.' खाली दुसरी ओळ, 'आता कळलं.' आम्ही कुणीही त्याला टोचून बोललो नाही. दोन दिवसांनी त्याने नावाडी पुन्हा लिहिला आणि तो फार चांगला लिहिला. पाण्यात वल्हं टाकायच्या आधी तो थांबून दिव्याकडे बघतो, ती ओळ माझ्या मनात अजून आहे.

चौतीस टिपणं पाठवून आता पाच आठवडे झाले. पाचही बटणांना नावं मिळाली आहेत. 'पाठवा' आणि 'रद्द करा' यांच्यात बोटभर अंतर आलं आहे. टाइप करायचं अक्षर १६चं झालं आणि पान मोठं करण्यावरची बंदी उठली. शीर्षक अजून बाइटांवरच कापलं जातं, पण ते यादीत घेतलं असल्याचं कळवलं आहे. मसुदा राखून ठेवायची सोय झालेली नाही. ती होईपर्यंत मी रखवालदार फोनच्या नोंदवहीत लिहिते आणि तिथून उचलून आणते. मुलीच्या पत्राचा प्रसंग तसाच दुसऱ्यांदा लिहिला. पायऱ्या या वेळी आधीच टिपून घेतल्या होत्या.

कळावे,

आपली नम्र,
एक वाचक